होपी मेसांवर: कॉटनवूडची मुळं आणि कात्सिना बाहुल्या

गुरुवार, फीनिक्स

कात्सिना, म्हणजे होपी या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची दैवतं. त्यांच्या लाकडी बाहुल्यांची गोडी लागलेल्या माणसानं होपींच्या मेसांवर, सपाट माथ्याच्या डोंगरांवर, जाण्याआधी ॲरिझोनातल्या फीनिक्सच्या हर्ड म्युझियममध्ये अर्धा दिवस तरी घालवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. डोळा तयार होतो. आधी भरपूर अस्सल बघून ठेवलं की पुढे दुकानदारानं काहीही हातात ठेवलं तरी आपण भुलत नाही.

या वेळी सोबत आत्या होती. आत्या म्हणजे साताऱ्याची निवृत्त चित्रकला शिक्षिका. नोकरीची पहिली वर्षं जव्हारकडच्या आश्रमशाळेत काढलेली. फीनिक्सजवळच्या चँडलरला आमच्या घरी उतरल्यावर बॅग उघडायच्या आधी तिनं दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगलेल्या माझ्या बाहुल्या जवळ जाऊन, चष्मा वर करून बघितल्या आणि म्हणाली, "ग्रँड कॅन्यन बिन्यन नंतर. हे कोण करतं, ते दाखव आधी."

हर्ड 1929 सालचं. इथल्या कात्सिना संग्रहाचा मोठा भाग बॅरी गोल्डवॉटर यांच्याकडून आलेला आहे. तेच ते, 1964 साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून सपाटून हरलेले ॲरिझोनाचे सेनेटर. त्याच वर्षी त्यांनी आपल्या 437 बाहुल्या या म्युझियमला देऊन टाकल्या. गोल्डवॉटरांबद्दल माझं मन जरा द्विधा आहे. संग्रह अप्रतिम, देणगी दिलदार. पण हेच गृहस्थ प्रेस्कॉट गावच्या 'स्मोकी' नावाच्या मंडळाचे सभासद होते. हे गोरे व्यापारी-वकील लोक अंगाला रंग फासून होपींचा सर्पनृत्याचा विधी करमणूक म्हणून करत, तेही 1921 पासून. होपींनी येऊन निदर्शनं केल्यावर 1990 साली ते बंद झालं. एका हातानं जपायचं आणि दुसऱ्या हातानं सोंग काढायचं, या दोन्ही गोष्टी संग्राहकांच्या इतिहासात कायम शेजारी शेजारी दिसतात.

आत्यासाठी तिथंच थोडक्यात उजळणी केली. होपी म्हणजे ॲरिझोनाच्या ईशान्येचे पुएब्लो, गावं बांधून राहणारे लोक. सपाट माथ्याचे तीन कडे, म्हणजे मेसा. त्यांच्यावर आणि आसपास मिळून बारा गावं. आणि चहूबाजूंनी नवाहो लोकांचा मुलूख. कात्सिना ही पावसाची, पिकांची, प्राण्यांची, पूर्वजांची दैवतं. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसापासून जुलैपर्यंत ती गावात असतात, मग निमान नावाच्या निरोपाच्या सोहळ्यानंतर आपल्या डोंगरावर परत जातात. फेब्रुवारीतल्या पोवामुया सोहळ्यात आणि निमानला ती मुलींना लाकडी बाहुल्या देतात. एका बाहुलीला तिहू, अनेकींना तिथू. तान्ह्या बाळाला मिळते ती पाटीसारखी चपटी, बहुतेक वेळा हाहायइवूती या कात्सिनांच्या आईची. मुलगी मोठी होत जाते तशी बाहुलीला हात, पाय, गोलाई येत जाते. ती भिंतीला किंवा आढ्याला टांगून ठेवायची, रोज बघायची, आणि कोणता कात्सिना कसा हे बघता बघता शिकायचं. दोन-अडीचशेहून जास्त प्रकार आहेत, तेव्हा शिकायला भरपूर आहे.

काचेमागे काळाप्रमाणे बघत गेलं की सगळा प्रवास समजतो. जुन्या बाहुल्या ताठ, बसक्या, हात पोटावर घट्ट धरलेले, पाय जेमतेम. त्या उभ्या राहत नाहीत, कारण त्या टांगायच्याच असतात. गळ्यात दोरी असते. मग रेल्वे येते, फ्रेड हार्वी कंपनीची हॉटेलं येतात, प्रवाशाला फडताळात उभी राहणारी वस्तू हवी असते, म्हणून बाहुलीखाली पाट येतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर गुडघे वाकतात, एक पाय उचलला जातो, बाहुली नाचायला लागते. पुढे तर अख्ख्या लाकडातून पिसाचा एकेक केस कोरलेला.

त्या शेवटच्या कपाटापुढे आत्या बराच वेळ उभी होती. "हात बसलाय हो याचा," ती म्हणाली, "पण मला म्हणतोय, बघा मला किती येतं. ते पहिल्या कपाटातलं काही म्हणतच नाही."

माझ्या भिंतीवर फक्त जुन्या घडणीच्या बाहुल्या का, हे मला आता वेगळं सांगायला नको. हल्ली या घडणीला पुन्हा मान आहे. 1970 च्या दशकात मॅनफ्रेड सुसुंकेवा या होपी कलाकारानं चकचकीत रंग आणि नाचऱ्या आकृत्या सोडून खनिज रंगांच्या ताठ बाहुल्या परत करायला घेतल्या, आणि मागून बरेच जण त्या वाटेला लागले.

संध्याकाळी फ्लॅगस्टाफ. फीनिक्सहून घाट चढत आलं की निवडुंग संपून पाइन सुरू होतात आणि स्वेटर अंगावर चढवावे लागतात. आत्या वाटभर झोपली.

शुक्रवार, फ्लॅगस्टाफ ते तिसरी मेसा

सकाळी म्युझियम ऑफ नॉर्दर्न ॲरिझोना. हॅरोल्ड आणि मेरी-रसेल फेरेल कोल्टन या जोडप्याचा यात मोठा वाटा. म्युझियम 1928 चं, आणि 1930 पासून होपी कारागिरांचं प्रदर्शन त्यांनी सुरू केलं. मला इथं यायचं होतं ते जिमी केवानवायतेवा या माणसासाठी. तो या म्युझियममध्ये नोकरीला होता आणि बाहुल्याही कोरायचा. बाहुलीखाली स्वतःच्या नावाची आद्याक्षरं घालणारा पहिला होपी म्हणून त्याचं नाव घेतात. गावातल्या वडीलधाऱ्यांना ते मुळीच रुचलं नव्हतं. कात्सिनांनी दिलेल्या वस्तूवर माणसाचं नाव कसं? आज बाजारात उलट आहे: खाली नाव, गाव, कात्सिना कोणता हे लिहिलेलं नसेल तर गिऱ्हाईक हात लावत नाही. मीही लावत नाही.

बाहेर आलो तर समोर सॅन फ्रान्सिस्को शिखरं. होपींचा नुवातुक्याओवी हाच, कात्सिनांचं घर. सर्वांत उंच हम्फ्रीज शिखर 12,633 फुटांचं. ऑक्टोबर असल्यामुळे उतारावरचे ॲस्पेन पिवळेधमक. त्याच डोंगरावर बर्फावर घसरायचं रिसॉर्ट आहे, आणि बर्फ कमी पडलं की तिथं शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यापासून बर्फ करून पसरतात. होपी आणि इतर जमाती कोर्टात गेल्या, 2008 साली अपिलात हरल्या, आणि 2012 च्या हिवाळ्यात यंत्रं सुरू झाली.

"सांडपाणी? देवाच्या डोंगरावर?" आत्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. पुढची वीस मिनिटं गाडीत कोणी बोललं नाही.

हायवे 89 नं उत्तरेला, मग ट्यूबा सिटी. इथं एक गंमत आहे. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत, पण नवाहो करतात. होपी मात्र ॲरिझोनाबरोबर. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूला नवाहोंच्या ट्यूबा सिटीत बारा वाजलेले आणि पलीकडे होपींच्या मोएनकोपीत अकरा. माझा फोन बिचारा पाच मिनिटांत तीनदा घड्याळ बदलून गप्प झाला. इथं भेटीची वेळ ठरवताना "कुणाची वेळ?" हे विचारून घ्यावंच लागतं.

264 नंबरचा रस्ता पूर्वेला जातो. दोन्ही बाजूंना दूरवर काही नाही, आणि मग वाळूत मक्याची शेतं. आपल्या डोळ्याला ती शेतं वाटतच नाहीत: कमरेएवढी खुजी रोपं, झुडपासारखे पुंजके, आणि दोन पुंजक्यांमध्ये ऐसपैस मोकळी जागा. पाटाचं पाणी नाही, विहीर नाही. वर्षाला दहा इंचांच्या आसपास पाऊस. काठीनं खोल भोक पाडून ओल लागेल तिथं दाणे टाकायचे. आत्यानं गाडी थांबवायला लावली, रस्त्याच्या कडेनंच बघितलं आणि म्हणाली, "इथं पावसाचा देव नाही करायचा तर काय करायचं?"

जुन्या ओरायबी गावाच्या तोंडाशी पाटी आहे: फोटो नाही, रेखाटन नाही, ध्वनिमुद्रण नाही. सगळ्या होपी गावांत हाच नियम. आत्याची वही आपसूक पिशवीत गेली. बाराव्या शतकाच्या सुमारापासून इथं सलग वस्ती आहे. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या नांदत्या गावांत याची गणना होते. टोकाला मेनोनाइट मिशनरी एच. आर. व्होथ यांच्या चर्चचा पडका सांगाडा उभा आहे. वीज पडून जळालं ते. व्होथ 1893 मध्ये आले. होपींना ख्रिस्ती करायला आलेला हा माणूस त्यांच्याच विधींच्या वस्तू गोळा करून शिकागोच्या फील्ड म्युझियमला देत राहिला. चर्च पडलं, वस्तू मात्र शिकागोत आहेत.

या गावाचा तावाक्वाप्तेवा नावाचा किकमोंग्वी, म्हणजे गावप्रमुख, होता. 1906 च्या सप्टेंबरात गावात दोन तट पडले: सरकारी शाळा मान्य असलेले आणि नसलेले. भांडण शेवटी रेटारेटीनं सुटलं. जमिनीवर रेघ मारली, दोन्ही बाजूंनी एकमेकांना ढकललं. युकिवमाच्या बाजूचे लोक हरले आणि त्याच रात्री बायकापोरांसह बाहेर पडून त्यांनी होटेव्हिला वसवलं. जिंकला तो तावाक्वाप्तेवा. पण त्याची मला आवडणारी गोष्ट निराळीच. उतारवयात तो दाराशी बसून प्रवाशांना बाहुल्या विकायचा, आणि त्यातली एकही खऱ्या कात्सिनाची नसायची. एकाचे कान, दुसऱ्याचं नाक, तिसऱ्याचे रंग असं मुद्दाम मिसळायचा. पवित्र ते विकायचं नाही आणि पोटही भरायचं, यावर त्यानं काढलेला हा तोडगा. आज संग्राहक त्याच बाहुल्यांसाठी भरपूर पैसे मोजतात.

हे ऐकून आत्या इतकी खूश झाली की मुक्कामी पोचेपर्यंत अधूनमधून स्वतःशीच हसत होती.

मुक्काम दुसऱ्या मेसावरच्या होपी कल्चरल सेंटरच्या मोटेलमध्ये. जेवायला नोक्क्विवी: मेंढीचं मटण आणि मक्याचे फुगलेले दाणे यांचा पातळ रस्सा, तिखटाचा पत्ता नाही, बरोबर भाजलेली हिरवी मिरची. आत्यानं दोन मिरच्या मागवल्या. इथं दारूबंदी आहे, त्यामुळे नऊनंतर सगळं सामसूम.

शनिवार, पहिली मेसा आणि दुसरी मेसा

सकाळी वालपी. पोलाकाहून चढून सिचोमोवीत गाडी लावायची आणि होपी वाटाड्याबरोबरच पुढे जायचं. एकट्यानं फिरता येत नाही. सिचोमोवी आणि वालपी यांच्यामध्ये कडा इतका अरुंद होतो की दोन्ही बाजूंचं खोरं एकाच वेळी दिसतं. वालपीत वीज नाही, नळ नाही. लोकांनी ते तसंच ठेवलंय. दारादारांत मडकी मांडलेली; पहिली मेसा मातीकामाची, आणि शेजारच्या हानोची नाम्पेयो हिनं जुन्या सिक्यात्की घड्यांच्या खापरांवरून ही कला पुन्हा उभी केली. पण मडक्यांत मी पडत नाही. एका छंदाचा खर्च पुरे आहे.

एका आजींनी पिकी दिली. निळ्या मक्याचं पीठ आणि राख यांचं पातळ मिश्रण तापलेल्या दगडी शिळेवर नुसत्या हातानं फिरवतात आणि कागदाहून पातळ निघालेला थर गुंडाळतात. तोंडात ठेवली की आवाज होतो आणि मग काही उरत नाही.

कात्सिना नृत्य बघायला मिळेल का, असं मला बरेच मराठी मित्र विचारतात. ऑक्टोबरात प्रश्नच नाही, कात्सिना डोंगरावर गेलेले. पण इतर वेळीही बहुतेक गावांत बाहेरच्यांना ती बंद आहेत. 1992 साली मार्व्हलच्या एका फुटबॉलवीर कॉमिकमध्ये कात्सिनांचे मुखवटे घातलेले गुंड दाखवले, आणि आधीच गर्दीनं वैतागलेल्या गावांनी दारं लावून घेतली. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही. आपल्या देवघरात कोणी खुर्ची मांडून बसावं असं आपल्याला तरी कुठं वाटतं.

दुपारी दुसऱ्या मेसावरचा कोरणारा. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याला ते आवडणार नाही. रस्त्याला हातानं रंगवलेली पाटी, आत एक खोली, खिडकीशी बुटकीशी खुर्ची, पायाखाली भुसा. आमची जुनी ओळख असली तरी सुरुवातीला तो फारसं बोलत नाही. आधी हवामान, मग मका, मग बाकीचं. आत्यानं सरळ जमिनीवर बसकण मारली आणि काम बघायला लागली. तिथून गाडी रुळावर आली.

त्यानं एक मूळ तिच्या हातात दिलं. कॉटनवूडचं मूळ, होपी त्याला पाको म्हणतात. दंडाएवढं जाड, पण वजनच नाही.

"पोकळ आहे का गं?" आत्यानं मला विचारलं. नाही, भरीव. झाडाचा बुंधा वेगळा आणि मूळ वेगळं. मुळाचं लाकूड मऊ आणि एकजीव असतं, कुठल्याही दिशेनं सुरी चालते, चीर जात नाही. आणि हे मूळ पाणी शोधत जातं, कोरड्या ओढ्याखालीसुद्धा. पावसासाठीची बाहुली दुसऱ्या कशातून कोरणार, असं त्याचं म्हणणं. पूर्वी लिटल कोलोरॅडो नदीला पूर आला की मुळं वाहून काठाला लागायची, ती गोळा करायची. आता वर धरणं झाली, पूर कमी, मुळंही कमी. लोक लांबून आणतात, विकत घेतात.

अवजारं बघून आत्याला नवल वाटलं. करवत, कानस, खिशातला चाकू आणि पॉलिश पेपर. पूर्वी कागदाऐवजी वालुकाश्माचा तुकडा असायचा. तो अजूनही एक जवळ ठेवून आहे. अंगाचा ढोबळ आकार आधी काढायचा. नाक, कान, शिंगं वेगळी कोरायची आणि लाकडी खुंटीनं बसवायची. मग सगळ्यावर पांढऱ्या मातीचा हात. ती वाळली की रंग. रंगांच्या वाट्या आत्यानं एकेक नाकाशी नेल्या.

"हा गेरूच आहे. ही रामरज. काळा काजळीचा असेल. आणि हा?"

हिरवट निळा तांब्याच्या खनिजाचा, मी विचारून सांगितलं. दगडावर पाण्याबरोबर उगाळायचा. वर लाखबिख काही लावायचं नाही, म्हणून हे रंग मॅट राहतात आणि बोटाला लागतात. तयार बाहुली कमरेला धरून उचलायची नाही, दोरीनं उचलायची, हे त्यानं आत्याला करून दाखवलं. दुकानात बाहुली हातात घेतल्यावर माझं बोट आधी मागच्या बाजूला हळूच फिरतं ते यासाठी. पोस्टर रंग आणि ॲक्रिलिक बोटाला लागत नाहीत.

पिसांचंही विचारलं. जुन्या बाहुल्यांवर गरुडाची, ससाण्याची पिसं असत. स्थलांतरी पक्ष्यांचा 1918 चा आणि गरुडांचा 1940 चा, अशा दोन कायद्यांमुळे तसली पिसं लावलेली वस्तू विकता येत नाही. हा कोंबडीची आणि पाळीव टर्कीची वापरतो. नाचऱ्या बाहुल्या करणारे पिसंही लाकडाचीच कोरायला लागले, त्यालाही हेच एक कारण.

मध्येच बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. त्यानं शांतपणे मांडीवरच्या अर्धवट बाहुलीवर टॉवेल टाकला, रंगाच्या वाट्या सरकवल्या आणि आम्हाला हवामानाबद्दल विचारायला लागला. सहा-सात वर्षांची नात पळत आत आली, फ्रीजमधून काहीतरी घेतलं, आत्याच्या साडीकडे टक लावून बघितलं आणि पळाली. ज्या मुलांची अजून दीक्षा झालेली नाही त्यांच्यासमोर बाहुल्या कोण करतं हे बोलायचं नसतं. त्या कात्सिनांकडून येतात. मांडीवरची ती बाहुली जुलैत नातीला मिळेल, लव्हाळ्याला बांधलेली, पहिल्या कोवळ्या कणसांबरोबर. गाडी गेल्यावर टॉवेल निघाला.

मग आत्यानं त्याला बोहाड्याबद्दल सांगितलं. जव्हार-मोखाड्यात रात्री निघणारी सोंगं, ठराविक घराण्याकडे ठराविक देवाचा मुखवटा, तो चढवला की त्या माणसाला लोक नमस्कार करतात, नावानं हाक मारत नाहीत. मी भाषांतर करत होते. तो हातातलं काम थांबवून ऐकत होता.

"ते मुखवटे विकतात?" त्यानं विचारलं.

"शोभेचे करून विकतात हल्ली," आत्या म्हणाली, "पूजेतला नाही विकत कोणी."

त्यानं मान डोलावली, आणि पॅरिसचा विषय आपणहून काढला. 2013 च्या एप्रिलमध्ये पॅरिसला होपींच्या पवित्र मुखवट्यांचा लिलाव झाला. होपी त्यांना मुखवटे म्हणत नाहीत, मित्र म्हणतात. ते जिवंत असतात. जमातीनं कोर्टात धाव घेतली, कोर्टानं लिलावाला परवानगी दिली, हातोडा पडला. डिसेंबरात पुन्हा लिलाव. त्या वेळी ॲनेनबर्ग फाउंडेशननं गुपचूप फोनवरून बोली लावून 24 वस्तू 5,30,000 डॉलरना घेतल्या आणि परत दिल्या: 21 होपींना, 3 अपाची लोकांना. अशा वस्तू देशाबाहेर नेण्यावर अमेरिकेत कायदा व्हायला 2022 चा डिसेंबर उजाडला.

स्वप्नांतून कला शोधणाऱ्या सर्रिअलिस्टांपैकी लेखक आंद्रे ब्रेताँ 1945 साली या मेसांवर येऊन गेला, चित्रकार मॅक्स अर्न्स्टनं बाहुल्या जमवल्या. पॅरिसच्या कलाजगाला ही ओढ जुनीच आहे. मला त्यांच्या नजरेचं कौतुक आहे. पण त्यांनी स्वप्नं बघितली, आणि इथल्या लोकांना पाऊस हवा होता. मी जमवते त्याला माझ्यापुरती एक मर्यादा घालून घेतली आहे: विकण्यासाठीच कोरलेलं, कोरणाऱ्याकडून किंवा त्याला योग्य पैसे देणाऱ्याकडून घेतलेलं. एखाद्या मुलीच्या भिंतीवरून उतरून बाजारात आलेली जुनी तिहू कितीही सुंदर असली तरी नको. जाणकार संग्राहक मला यावर हसतात, कारण सगळ्यात मोलाच्या त्याच. हसोत.

मी एक आंगाक्त्सिना निवडला. लांब केसांचा कात्सिना, पाठीवर मोकळे काळे केस, निळा चेहरा, खाली दाढी. झिमझिम पाऊस आणणारा. वीतभर उंच, हात पोटावर. 260 डॉलर. घासाघीस करायची नाही. चार दिवसांचं काम समोर दिसत असतं. कोळशाची खाण 2019 ला बंद झाल्यापासून जमातीचं उत्पन्न घटलंय आणि कितीतरी घरं अशा विक्रीवर चालतात. रोख बरोबर ठेवावी.

आत्याचं मन बसलं ते कोयेमसीवर. सगळ्या अंगाला गेरू, डोक्यावर टेंगळं, गोल डोळे, गोल तोंड. हा विदूषकांपैकी, नाचात ढोल वाजवतो, फजिती करतो, आणि तरी सगळ्या विधीत असतोच. "शाळेत शेवटच्या बाकावर असाच एक बसायचा," म्हणून तिनं तो बाजूला ठेवला. पण टेंगळांवरचा रंग ओला होता. "उद्या सकाळी या," तो म्हणाला. कुणाच्या वेळेनं, हे मी विचारून घेतलं.

रविवार, विन्स्लो आणि घर

सकाळी कोयेमसी वाळलेला मिळाला. आत्यानं त्याच्या नातीसाठी आणलेली साताऱ्याची कंदी पेढ्यांची पेटी ठेवली. त्यानं वास घेतला आणि लगेच एक खाल्ला.

दुसऱ्या मेसावरून 87 नंबरचा रस्ता थेट दक्षिणेला सुटतो. हाच रस्ता विन्स्लो, पेसन करत आमच्या चँडलरमधून ॲरिझोना ॲव्हेन्यू म्हणून जातो. रोज ऑफिसला जाताना मी ज्यावर सिग्नलला थांबते त्याचं वरचं टोक इथं आहे.

विन्स्लोला ला पोसादा हॉटेलात कॉफी. मेरी कोल्टरनं फ्रेड हार्वी कंपनीसाठी बांधलेलं, 1930 चं; आगगाडीनं येणारे प्रवासी इथं उतरून 'इंडियन' वस्तू घेत. गावाजवळच लिटल कोलोरॅडोचं पात्र; काठचे कॉटनवूड पिवळे पडायला लागले होते.

रूट 66 वरच्या एका दुकानात आत्याला मुद्दाम नेलं. फडताळभर 'कचीना'. लेथवर फिरवलेली अंगं, त्यावर सशाची फर, चामडं, मणी, भडक रंग. खाली इंग्रजीत 'हस्तकला' एवढंच. कोणी केलं असं विचारल्यावर विक्रेता म्हणाला, "लोकल." होपी का? "नेटिव्ह." नवाहो कारागीर असल्या बाहुल्या करतात आणि त्यांच्या नावानं विकल्या तर त्यात गैर काहीच नाही. होपींच्या म्हणून विकणं मात्र 1990 च्या कायद्यानं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. म्हणून तर विक्रेते "नेटिव्ह" म्हणून थांबतात. आत्यानं एक उचलली, मागून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि बाहुली जागेवर ठेवली. दोन दिवसांत पोरगी तयार झाली.

पेसनपर्यंत पाऊस लागला. बरा होता.

सोमवार, बांधाबांध

कोयेमसी साताऱ्याला जाणार. फुग्यांचं प्लास्टिक रंगाला चिकटतं, म्हणून आधी टिश्यू पेपर सैलसर, मग सुती पंचा, मग बुटांचं खोकं, आणि दोरी वरून हाताला लागेल अशी. कोरणाऱ्यानं लिहून दिलेल्या पावतीवर कात्सिनाचं नाव, गाव, कॉटनवूडचं मूळ, मातीचे रंग, किंमत, सगळं आहे. डोक्याशी पीस लावलंय तिथं त्यानं 'कोंबडी' असं ठळक लिहून खाली दोन रेघा मारल्यात. कस्टमवाल्यानं विचारलं तर हेच दाखवायचं, असं मी आत्याला दोनदा सांगितलं. खोकं चेक-इनच्या बॅगेत ठेवू का म्हटलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी ते मुकाट तिच्या पर्सच्या पिशवीत सरकवलं.